पहाटे तीनचा वाचक

काही वर्षांपूर्वी मी एक छोटे संकेतस्थळ चालवत असे. आईच्या स्मृतिभ्रंशाच्या काळात लिहिलेले काही लेख त्यावर होते आणि दिवसाला चाळीस-पन्नास वाचक आले, तरी मला ते पुष्कळ वाटत. कोणता लेख किती वाचला जातो हे पाहावे, म्हणून एके दिवशी मी सर्व्हरची लॉग फाइल उघडली. ही फाइल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची आपोआप लिहिली जाणारी नोंदवहीच असते. वाचकाच्या जोडणीचा आयपी पत्ता, वेळ, मागितलेले पान, त्याआधी तो ज्या पानावर होता त्याचा पत्ता आणि त्याच्या ब्राउझरचे नाव व आवृत्ती एवढे प्रत्येक ओळीत लिहिलेले होते. मी त्यात आणखी एक रकाना वाढवून घेतला होता, तो वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेल्या भाषेचा. मराठी निवडणाऱ्याला बटणे आणि सूचना मराठीत दिसाव्यात, इतरांना इंग्रजीत, एवढाच त्यामागचा हेतू होता.

तीन-चार दिवसांच्या ओळी सलग वाचल्यावर त्यांतून एक माणूस वेगळा दिसू लागला. त्याचा आयपी पत्ता दर रात्री बदलत होता, पण ब्राउझरची आवृत्ती फार जुनी, कित्येक महिने अद्ययावत न केलेली होती, आणि भाषेच्या रकान्यात मराठी पहिली होती. ही जोडी माझ्या दुसऱ्या कोणत्याही वाचकाकडे नव्हती. हा वाचक पहाटे पावणेतीन ते साडेतीनच्या दरम्यान यायचा आणि दर वेळी एकच लेख उघडायचा. आईने मला ‘तुम्ही कोण?’ असे पहिल्यांदा विचारले, त्या रात्रीचा तो लेख होता. अर्ध्या तासाने तेच पान पुन्हा मागवल्याची नोंद असायची. मागच्या ओळी पाहिल्या, तर सलग नऊ रात्री असे झाले होते.

मला त्या माणसाचे नाव, वय, गाव काहीही ठाऊक नव्हते. तो पुरुष होता की स्त्री, हेही नाही. तरीही, त्याच्या घरातल्या माणसांना कदाचित ठाऊक नसेल असे काही मला कळले होते. त्याने ते सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. त्या जाणिवेने मी बराच वेळ अस्वस्थ होऊन बसले होते, आणि तेव्हापासून ब्राउझर आपल्याविषयी काय काय बोलतो, याचा मी जमेल तसा अभ्यास करत आले आहे.

ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो, तेव्हा ती मागणी कोरी नसते. पानाच्या पत्त्याबरोबर काही ओळी आपोआप जातात आणि त्यांतल्या प्रत्येकीला एकेकाळी सरळ, उपयुक्त कारण होते. आयपी पत्ता दिल्याशिवाय उत्तर परत कोठे पाठवायचे हेच कळणार नाही. भाषेची पसंती कळली, तर सर्व्हर योग्य भाषेतले पान देऊ शकतो. ब्राउझरचे नाव कळले, तर त्याला पेलेल असे पान पाठवता येते. मात्र या नावाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९९० च्या दशकात काही संकेतस्थळे आपली अधिक सजवलेली पाने फक्त नेटस्केपच्या ब्राउझरला देत, आणि तो स्वतःला ‘मोझिला’ म्हणवत असे. म्हणून इतर ब्राउझरही स्वतःला ‘मोझिला’ म्हणवू लागले, आणि आजही जवळपास प्रत्येक ब्राउझर आपली ओळख त्याच शब्दाने सुरू करतो. आधीच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या ओळीचे नाव ‘रेफरर’. मूळ नियम लिहिले गेले तेव्हा त्याच्या इंग्रजी वर्णलेखनात एक ‘आर’ गळला आणि तो तसाच कायम झाला. या ओळीतून पूर्वी पुष्कळ काही उघड होत असे. शोधयंत्रात टाईप केलेले शब्दसुद्धा पुढच्या संकेतस्थळाला दिसत. आता बहुतेक ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाकडे जाताना पूर्ण पत्त्याऐवजी आधीच्या संकेतस्थळाचे केवळ नाव पाठवतात. ही सुधारणा २०२० नंतर सर्वत्र रूढ झाली.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; तिच्याविषयी आता बहुतेकांना ठाऊक असते. १९९४ मध्ये नेटस्केपमधील ल्यू माँटुली या तरुण अभियंत्याने ती शोधली, कारण त्याआधी सर्व्हरला प्रत्येक मागणी नवखी असे आणि खरेदीच्या टोपलीत काय ठेवले होते हे पुढच्या पानावर आठवत नसे. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यावा, हा सोपा मार्ग त्यांनी जाणूनबुजून टाळला, कारण त्या क्रमांकाच्या आधारे माणसाचा सर्व संकेतस्थळांवर माग काढता आला असता. एका संकेतस्थळाने ठेवलेली कुकी दुसऱ्याला वाचता येत नाही, ही त्या रचनेतली काळजी होती. पण एकाच जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा हजारो संकेतस्थळांच्या पानांत बसवला, की त्या तुकड्याची कुकी सगळीकडे एकच असते. जी गोष्ट टाळायची होती, तीच अशा रीतीने मागच्या दाराने आत आली. १९९७ च्या मानकात अशा तिऱ्हाईत कुकी मुळातच बंद ठेवाव्यात अशी शिफारस होती. त्या वेळच्या मुख्य ब्राउझरांनी ती मानली नाही.

तरी कुकीचे एक बरे आहे: ती आपल्या यंत्रावर असते, आपल्याला दिसते आणि पुसता येते. पान उघडल्यानंतर त्यातला जावास्क्रिप्टचा कोड, म्हणजे पानाबरोबर आलेला छोटा प्रोग्राम, ब्राउझरला जे प्रश्न विचारतो, त्यांचे तसे नाही. पडद्याची लांबी-रुंदी किती, रंगांची खोली किती, कालविभाग कोणता, प्रोसेसरचे गाभे किती, ग्राफिक्सची चिप कोणत्या बनावटीची, गडद पार्श्वभूमी आवडते का, स्पर्शाचा पडदा आहे का, अशा कित्येक प्रश्नांना ब्राउझर आपल्याला न विचारता तत्परतेने उत्तरे देतो. यांतले एकेक उत्तर निरुपद्रवी असते. लाखो लोकांचा पडदा माझ्या पडद्याएवढाच असतो. पण सगळी उत्तरे एका ओळीत मांडली, की ती ओळ क्वचितच दुसऱ्या कोणाची असते. या पद्धतीला फिंगरप्रिंटिंग म्हणतात, आणि ठसा हा शब्द इथे चपखल बसतो, कारण तो आपण कोठे जपून ठेवलेला नसतो. आपण जेथे हात लावू तेथे तो उमटतो.

हे गणित समजून घ्यायला अवघड नाही. जगाची लोकसंख्या ८०० कोटींहून थोडी अधिक आहे. या गर्दीतून एक माणूस शोधायचा, तर गर्दीचे बरोबर दोन भाग करणारा प्रश्न विचारावा, ज्या भागात तो असेल तो ठेवावा, पुन्हा दोन भाग करावेत, असे करत गेल्यास ३३ प्रश्न पुरतात. काही उत्तरे मात्र गर्दीचे निम्मे करून थांबत नाहीत, एका फटक्यात जवळजवळ सगळी गर्दी बाजूला सारतात. ‘पहिली पसंती मराठी’ हे तसे उत्तर आहे. कोट्यवधी मराठी माणसे ब्राउझर इंग्रजीतच ठेवतात, त्यामुळे ज्याने तो आठवणीने मराठीत आणला, तो पहिल्याच प्रश्नाला मूठभर लोकांत उरतो.

२०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेतील पीटर एकर्स्ली यांनी या विषयावरचा पहिला मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी आपणहून चाचणीच्या पानावर यावे आणि आपला ब्राउझर किती वेगळा आहे हे पाहावे, अशी त्याची रचना होती. सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांच्या नोंदींत ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव निघाले, म्हणजे त्यांच्यासारखा दुसरा त्या संपूर्ण संग्रहात नव्हता. फ्लॅश किंवा जावा ही जोडसॉफ्टवेअर असलेल्या ब्राउझरांत हे प्रमाण ९४.२ टक्के होते. त्यानंतर फ्लॅश मागे पडले, ब्राउझर सावध झाले, आणि २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी एका लोकप्रिय संकेतस्थळावरच्या २० लाखांहून अधिक ठशांचा अभ्यास केला, तेव्हा एकमेव ठशांचे प्रमाण ३३.६ टक्क्यांवर आलेले दिसले. मोबाइलवर तर ते १८.५ टक्केच होते. या दोन आकड्यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या प्रयोगात खासगीपणाची फिकीर असणारे, यंत्रात हवे तसे बदल करून घेणारे लोक मोठ्या संख्येने आले असणार. दुसऱ्यात सर्वसामान्य वाचक होते, यंत्र दुकानातून जसे आले तसेच वापरणारे. ज्याने काही बदलले नाही, तो गर्दीत मिसळून गेला.

या ठशाचा सर्वांत चकित करणारा भाग म्हणजे कॅनव्हास. पान ब्राउझरला सांगते की, न दिसणाऱ्या एका पृष्ठावर अमुक वाक्य लिही, शेजारी एक-दोन आकृत्या काढ, आणि आता त्या चित्राचे ठिपके मला वाचून दाखव. सूचना सर्वांना एकच असते, चित्रही डोळ्यांना एकच दिसते. पण अक्षराच्या कडेला काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये येणाऱ्या करड्या छटा प्रत्येक ग्राफिक्स चिप, तिला चालवणारे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) आणि ऑपरेटिंग सिस्टीम आपापल्या पद्धतीने ठरवतात. एखादे जोडाक्षर लिहायला सांगितले, तर शिरोरेषा कोठे टेकते, रफार किती झुकतो, हेही यंत्रागणिक बदलते. त्या सगळ्या ठिपक्यांचा एक आकडा काढला, की झाली खूण तयार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील कीटन मोवेरी आणि होवाव शाचम यांनी २०१२ मध्ये ही शक्यता दाखवली. दोनच वर्षांनी प्रिन्स्टन आणि लूवेन येथील संशोधकांनी सर्वाधिक भेटी मिळणारी १ लाख संकेतस्थळे तपासली, तेव्हा पाच टक्क्यांहून अधिक ठिकाणी ही युक्ती प्रत्यक्ष वापरात होती. प्रयोगशाळेतल्या इशाऱ्याचा धंदा व्हायला एवढाच वेळ लागला.

फॉन्टचीही तीच गत. यंत्रावर कोणते फॉन्ट आहेत याची यादी पानाला सरळ मागता आली नाही, तरी एकच शब्द वेगवेगळ्या फॉन्टचे नाव सांगून लिहायचा आणि त्याची रुंदी मोजायची. रुंदी बदलली, तर तो फॉन्ट आहे. मी लेखनासाठी हौसेने जमवलेले देवनागरी फॉन्ट माझ्या ठशात असे एकेक करून भर घालत होते, हे कळले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१८ पासून यावर कठोर उपाय केला: वापरणाऱ्याने स्वतः बसवलेले फॉन्ट संकेतस्थळांना दिसूच द्यायचे नाहीत, मूळ यंत्राबरोबर आलेलेच दिसू द्यायचे. बॅटरीची कथा याहून छोटी आहे. किती बॅटरी उरली हे पानाला सांगण्याची सोय वीज वाचवण्यासाठी केली गेली. त्यावरून माणूस ओळखता येतो असे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरने ती संकेतस्थळांसाठी बंद केली.

या सगळ्या हकिकतींत मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती जांभळ्या दुव्यांची, म्हणजे लिंकची. आपण भेट दिलेला दुवा जांभळा आणि न दिलेला निळा, ही वेबच्या पहिल्या वर्षांपासूनची रीत. वाचकाच्या दृष्टीने हे पुस्तकात खूण घालण्यासारखे आहे. पण पानाला दुव्याचा रंग विचारता येत असे. त्यामुळे एखादे संकेतस्थळ वाचकाला न दिसतील असे शेकडो दुवे पानात पेरून, त्यांतले कोणते जांभळे झाले हे पाहू शकत असे, आणि या माणसाने कोणत्या आजाराविषयी वाचले, कोणत्या पक्षाचे संकेतस्थळ पाहिले, हे त्याला क्षणात कळत असे. हा दोष ब्राउझर बनवणाऱ्यांना २००० सालाच्या आसपासच माहीत झाला होता. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेतील डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये त्यावर जो तोडगा मांडला, तो असा: दुवा पडद्यावर जांभळाच दाखवायचा, पण पानाने रंग विचारला तर निळा म्हणून सांगायचे. म्हणजे ब्राउझरने आपल्या वाचकासाठी संकेतस्थळाशी खोटे बोलायचे. इतर ब्राउझरांनी हीच वाट धरली. तरीही रंगवायला लागणाऱ्या वेळेवरून वगैरे माहिती झिरपतच राहिली, आणि २०२५ मध्ये क्रोमने आणखी पुढे जाऊन, दुवा ज्या संकेतस्थळावरून उघडला होता तेथेच तो जांभळा दाखवायचा, असा नियम केला. एका रंगाची गळती बुजवायला पंचवीस वर्षे लागली.

भीती वाढवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून जे कळत नाही तेही सांगायला हवे. एका पानाला दुसऱ्या टॅबमधले दुसऱ्या संकेतस्थळाचे पान वाचता येत नाही. १९९५ पासून ब्राउझरांत असलेली ही भिंत वेबवरच्या सर्व व्यवहारांचा पाया आहे. आपल्या यंत्रावरच्या फायली आपण निवडून दिल्याशिवाय त्याला मिळत नाहीत. कॅमेरा, मायक्रोफोन आणि नेमके ठिकाण यांसाठी परवानगी मागावी लागते. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतो आहे की नाही, हे संकेतस्थळाला कळू नये, असे वेबची मानके ठरवणाऱ्यांनी तत्त्व म्हणून लिहून ठेवले आहे. ते वाचून मला त्या अनोळखी लोकांविषयी आदर वाटला. ठशाचा चांगला उपयोगही आहे: चोरलेला पासवर्ड घेऊन कोणी अनोळखी यंत्रावरून खात्यात शिरू पाहत असेल, तर बँकेला त्यावरूनच संशय येतो.

पण ज्या गोष्टी आपण दिल्याच नाहीत असे आपल्याला वाटते, त्याही कधी गेलेल्या असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ लाख संकेतस्थळांवरचे अर्ज तपासले गेले. युरोपातून पाहता १,८४४ आणि अमेरिकेतून पाहता २,९५० संकेतस्थळांवर, ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधीच टाईप केलेला ईमेल पत्ता माग काढणाऱ्या तिऱ्हाईत कंपन्यांकडे रवाना होत होता. माणूस अर्ज अर्धा भरतो, थांबतो, विचार बदलतो आणि पान बंद करतो. विचार बदलण्याचा तो हक्क इथे निमूटपणे काढून घेतला जातो. माझ्या लेखी ठशापेक्षाही हे अधिक गंभीर आहे.

यापासून वाचायचे कसे, याचे सर्वांत नेटके उत्तर, ओळख न देता वेब पाहता यावे म्हणून बनवलेल्या टॉर ब्राउझरने दिले आहे, आणि ते लपण्याचे नसून सारखे दिसण्याचे आहे. तो आपल्या सर्व वापरकर्त्यांची उत्तरे शक्य तितकी एकसारखी करतो. कालविभाग सर्वांचा एकच सांगतो, आणि खिडकीचे माप बदलले तर कडेने रिकामी पट्टी सोडून ते ठरावीक पायऱ्यांवर आणतो. टॉरची खिडकी पूर्ण पडदाभर करू नये, असे जाणकार सांगत, ते यासाठीच. याउलट, स्वतःहून ब्राउझरला दहा विस्तार (एक्स्टेन्शन) बसवून, सेटिंग बदलून सुरक्षित होऊ पाहणारा माणूस अधिकच उठून दिसतो. ‘माझा माग काढू नका’ अशी विनंती संकेतस्थळांना पाठवण्याची सोय ब्राउझरांत आली, तेव्हाही तेच झाले. ती पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते, मानक ठरवणारी समिती २०१९ मध्ये विसर्जित झाली, आणि ही विनंती करणारे थोडे असल्याने ती विनंतीच ठशातली आणखी एक खूण ठरली. ब्राउझरच्या गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीतही ठसा बहुधा तोच राहतो. तिथे इतिहास पुसला जातो, तो आपल्या यंत्रावरचा.

सारखे दिसण्याची ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे मला पुनःपुन्हा खुपते. ज्यांची भाषा मोठी, डोळे धड आणि यंत्र नवे, त्यांना गर्दीत मिसळायला काही करावे लागत नाही. ज्याला अक्षरे मोठी करावी लागतात, पडद्यावरच्या हलत्या चित्रांनी भोवळ येते म्हणून ज्याने हालचाल कमी करण्याची सोय सुरू केली आहे, ज्याला नवे यंत्र परवडत नाही, ज्याला आपल्या भाषेत वाचायचे आहे, त्याने मागितलेली प्रत्येक सवलत त्याच्या ओळखीत भर घालते. हालचाल कमी करण्याची पसंती कोणत्याही पानाला विचारता येते, कारण ती कळल्याशिवाय पान ती पाळू शकत नाही. गरज सांगितल्याविना भागत नाही, आणि सांगितली की ओळख पटते.

सफारीने २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकी पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सनेही प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमने २०२० मध्येच तसे जाहीर केले होते आणि पुढे तो बेत सोडून दिला. कुकी जिथे बंद होतात, तिथे ठशाचे मोल वाढते, म्हणून हा प्रश्न मिटण्याच्या जवळ आहे असे मला वाटत नाही.

मध्यंतरी मी माझ्या ब्राउझरमधून मराठी काढून इंग्रजी ठेवली. चाचणीच्या पानावर माझे वेगळेपण खरोखर कमी झाले. पण जी दोन-तीन संकेतस्थळे माझ्याशी मराठीत बोलत, ती इंग्रजीत बोलू लागली, आणि मराठी निवडणाऱ्यांच्या त्या मुठीतून मी वजा झाले होते. मी गेल्यामुळे उरलेला प्रत्येक जण आणखी थोडा उघडा पडला होता. दोन आठवड्यांनी मी मराठी परत पहिल्या जागी आणली. मी एकमेव आहे, असे चाचणी पुन्हा सांगू लागली.

नोंदवहीचे जे करायचे ते मात्र मी, ती पहिल्यांदा वाचली त्याच रात्री केले. भाषेचा रकाना काढून टाकला. भाषा पाहून पान द्यायला ती लिहून ठेवण्याची गरज नव्हतीच. ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती लिहिणे बंद केले, आयपी पत्त्याचा शेवटचा भाग शून्य होईल अशी व्यवस्था केली आणि जुन्या ओळी पुसल्या. संकेतस्थळ पुढे दोन वर्षे चालू होते. तेवढ्या काळात त्या लेखाची मागणी पहाटे तीनच्या सुमाराला अधूनमधून नोंदली जात असे. ती कोणाची, हे सांगणारे काही त्या ओळीत उरले नव्हते.